बाजाराचे गाव : स्किबरीन

आयर्लंडला जाणारा प्रवासी बहुधा डब्लिन पाहतो, किलार्नीची सरोवरे पाहतो, ब्लार्नीच्या किल्ल्यातील सुप्रसिद्ध शिळेचे चुंबन घेऊन वाक्पटुत्वाचा वर मागतो आणि परत फिरतो. सरकारी नोकराला त्या वराची फारशी आवश्यकता नसते. त्याला नेटकी टिपणी लिहिता आली म्हणजे पुरे. म्हणूनच की काय, इंग्लंडमधील एक अल्पमुदतीचा अभ्यासक्रम आटोपल्यावर हाताशी चार दिवस उरले तेव्हा ब्लार्नीचा मोह टाळून मी कॉर्क शहरातून बसने निघालो आणि स्किबरीन नावाच्या एका लहानशा गावी उतरलो. या गावाचे नाव मी ज्या पुस्तकात प्रथम वाचले होते ते पुस्तक प्रवासवर्णनाचे नव्हते, दुष्काळ-निवारणाच्या कारभाराचे होते. एखाद्या गावाची कीर्ती अशा दाराने जगात गेली असेल, तर ते गाव स्वतः कसे दिसते हे पाहावे, एवढाच माझा हेतू होता.

कॉर्कपासून स्किबरीन नैऋत्येला सुमारे ८० किलोमीटर आहे. वाटेत बॅंडन, क्लोनाकिल्टी, रॉसकार्बरी अशी गावे लागतात. हिरव्या कुरणांचे लहान लहान तुकडे, मधून मधून दगडी बांध, चरणाऱ्या गाई आणि डाव्या हाताला अवचित डोकावणारा समुद्र, असा हा रस्ता आहे. गाव आयलेन नदीच्या काठी वसले आहे. नदी पुढे काही मैलांवर समुद्राला मिळते आणि भरतीचे पाणी गावापर्यंत येते. 'स्किबरीन' या आयरिश नावाचा अर्थही लहान होड्यांचे बंदर असाच काहीसा आहे. मध्यभागी एक चौक, त्यातून तीन दिशांना फुटणारे तीन रस्ते, रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या, निळ्या, तांबड्या रंगांची दुमजली-तिमजली घरे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. तासाभरात सारे गाव पायी पाहून होते. लोकवस्ती आज तीन हजारांच्या आतबाहेर आहे. १८४१ साली ती साडेचार हजारांहून अधिक होती, ही गोष्ट मात्र आरंभीच लक्षात ठेवावी.

गावाच्या उत्पत्तीची एक कथा सांगतात. नदीच्या मुखापाशी बाल्टिमोर नावाचे कोळ्यांचे गाव आहे. १६३१ सालच्या जून महिन्यात एका रात्री अल्जियर्सच्या चाच्यांनी त्या गावावर धाड घातली आणि शंभरावर माणसे, बायकामुलांसह, गुलाम म्हणून पळवून नेली. त्यांतून जे वाचले ते समुद्राच्या भयाने नदी चढून आत आले आणि त्यांनी स्किबरीनची वस्ती वाढविली, असे परंपरा म्हणते. धाड ऐतिहासिक आहे. पुढच्या भागात इतिहास किती व आख्यायिका किती हा वाद तज्ज्ञांवर सोपवावा.

एवढे खरे की अठराव्या शतकाच्या अखेरीस स्किबरीन ही त्या टापूतील मोठी पेठ बनली होती. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला आठवड्याच्या बाजाराने जसा आकार येतो, तसाच आकार आयर्लंडमधील या गावांना आला. गावात लोकरीचे व तागाचे कापड विणले जाई, रुमाल विणले जात. हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत यंत्राच्या मालापुढे बसला. मग गावाचा भार धान्य, लोणी आणि जनावरे यांच्या व्यापारावर आला. नदीच्या खालच्या अंगाला ओल्डकोर्ट येथे मोठी जहाजे लागत आणि तेथून माल लहान होड्यांतून गावात येई. दारू गाळणारे, पीठ दळणारे, लोण्याची पिंपे भरणारे, वकील, डॉक्टर आणि बँकेचे व्यवस्थापक अशी सारी मंडळी येथे होती. कॅथलिकांचे प्रशस्त देवालय १८२६ साली बांधून झाले. बाहेरून पाहणाऱ्याला गाव भरभराटीत आहे असेच वाटले असते.

परंतु या पेठेचा आणि तिच्या भोवतालच्या बहुसंख्य माणसांचा संबंध किती होता? येथेच पुढच्या अनर्थाचे मूळ आहे. त्या मुलखातील शेतमजुराजवळ स्वतःची जमीन नसे. तो जमीनदाराच्या किंवा मोठ्या कुळाच्या शेतावर राबे आणि त्या मजुरीच्या मोबदल्यात त्याला अर्धा-एक एकराचा तुकडा बटाटे लावण्यासाठी मिळे. त्या तुकड्यावर त्याचे कुटुंब वर्षातले नऊ-दहा महिने जगे. कामकरी पुरुष दिवसाला बारा-चौदा पौंड बटाटे खाई, असे त्या काळचे हिशेब सांगतात. सोबतीला ताक मिळाले तर मिळाले. गहू, ओट, लोणी, डुक्कर हे सारे त्याच्याच कष्टाने पिकले किंवा पोसले गेले, तरी ते खंडासाठी होते. ते बाजारात जाई, बाजारातून बंदरावर आणि बंदरावरून इंग्लंडला. मजुराच्या हातात नाणे क्वचितच पडे. बाजार त्याच्या दारावरून जात असे, त्याच्या घरात कधी शिरत नसे.

१८४५ च्या शरद ऋतूत बटाट्यावर करपा पडला. पाने काळी पडली आणि जमिनीतील कंद सडून त्यांचा लगदा झाला. त्या वर्षी पिकाचा काही भाग वाचला. पंतप्रधान पील याने अमेरिकेतून गुपचूप एक लक्ष पौंडांचा मका मागविला आणि तो स्वस्त दराने विकून पहिले वर्ष कसेबसे निभावले. १८४६ च्या उन्हाळ्यात पील गेला, रसेल आला. आणि त्याच उन्हाळ्यात करपा पुन्हा आला तो सारेच पीक घेऊन गेला. नव्या मंत्रिमंडळाचा अर्थशास्त्रीय सिद्धांतांवर विश्वास दृढ होता. सरकारने धान्याच्या व्यापारात हात घातला तर व्यापारी माल आणणार नाहीत, म्हणून सरकारने फक्त रोजगार द्यावा. मजूर मजुरी मिळवील, मजुरीने धान्य विकत घेईल, मागणी निर्माण झाली की पुरवठा आपोआप येईल. कागदावर ही साखळी निर्दोष होती. तिचा सूत्रधार होता ब्रिटिश अर्थखात्याचा सचिव चार्ल्स ट्रेव्हेल्यन. याचे नाव आपल्याला अपरिचित नाही. तो हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीत वाढलेला, मेकॉलेच्या बहिणीचा पती, आणि पुढे १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर व १८६२ पासून १८६५ पर्यंत हिंदुस्थान सरकारचा अर्थसदस्य झालेला गृहस्थ. उद्योगी, निर्लोभी, रात्र-रात्र जागून पत्रे लिहिणारा. अशा अधिकाऱ्याविषयी आमच्या वर्गाला एरव्ही आदरच वाटावयाचा.

आता स्किबरीनला काय घडले ते पाहू. गावाच्या चारही बाजूंना दुष्काळी कामे निघाली. रस्ते करावयाचे, टेकड्या खणावयाच्या, खडी फोडावयाची. सप्टेंबर १८४६ च्या अखेरीस उत्तरेकडील कहेरा परगण्यातील शेकडो मजूर फावडी खांद्यावर टाकून गावावर चालून आले. दुकाने बंद झाली, सैनिक बाहेर पडले. गोळीबार टळला आणि भुकेल्यांना सरकारी कोठारातून थोडी बिस्किटे वाटण्यात आली. मजुरांचे मागणे काय होते? काम द्या, आणि केलेल्या कामाचे पैसे द्या.

त्याच परगण्यातील एका रस्त्यावर डेनिस मॅकेनेडी नावाचा मजूर काम करीत होता. मजुरीचा दर दिवसाला आठ पेन्स. २४ ऑक्टोबर १८४६ रोजी तो कामावरच रस्त्याच्या कडेला कोसळला आणि मरण पावला. डॉ. डॅनियल डॉनोव्हन यांनी प्रेताची तपासणी केली. जठर रिकामे होते. मोठ्या आतड्यात न पचलेल्या कच्च्या कोबीचा काही अंश सापडला. कित्येक दिवसांची मजुरी त्याला मिळावयाची होती. चौकशीस बसलेल्या पंचांनी निर्णय दिला तो असा, की हा मनुष्य उपासमारीने मेला आणि त्याला कारण सार्वजनिक बांधकाम मंडळाची घोर हयगय.

या निर्णयापाशी मी बराच वेळ थांबलो. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी कोणाला मारले नव्हते. कामाचे माप घेणारे कमी होते, पगार वाटणारे कारकून कमी होते, चांदीची नाणी वेळेवर पोहोचत नव्हती, आणि मापाशिवाय पैसे देऊ नयेत असा नियम होता. प्रत्येकाजवळ आपापल्या टेबलापुरते समर्थ कारण होते. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत अवर्षणाच्या एका तालुक्यात असताना, मापनवहीवर एक सही राहिली म्हणून एका कामाचा हजेरीपट कचेरीत सतरा दिवस पडून राहिलेला मी पाहिला आहे. सही राहिली ती कोणाच्या दुष्टपणाने नव्हे. त्या सतरा दिवसांत कामावर कोणी मेले नाही, याचे श्रेय आमच्या कचेरीला नाही. गावच्या वाण्याने उधार दिले, त्याला आहे. कहेराच्या मजुराला उधार देणारा कोणी उरला नव्हता.

आता बाजाराकडे वळू. त्या डिसेंबरमध्ये गावातील रस्त्यांवर प्रेते सापडत होती, आणि त्याच दिवसांत तेथील एका सरकारी अधिकाऱ्याने वरिष्ठांना कळविले की शनिवारचा बाजार मांस, पाव, मासळी अशा सर्व पदार्थांनी भरगच्च भरला होता. ही विसंगती त्याला उमगेना. वस्तुतः तीत विसंगती नव्हती. माल होता, गिऱ्हाईक नव्हते. कारण गिऱ्हाईक होण्यासाठी भूक पुरत नाही, खिशात नाणे लागते. आठ पेन्समध्ये मोठ्या कुटुंबाला पुरेल इतका मका त्या वर्षीच्या भावाने येत नव्हता, आणि ते आठ पेन्सही वेळेवर येत नव्हते. दुष्काळ म्हणजे अन्नाचा अभाव नव्हे, अन्नावरील हक्काचा अभाव, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ग्रंथरूपाने सिद्ध केले. स्किबरीनच्या चौकात ते १८४६ साली दर शनिवारी उघड्या डोळ्यांना दिसत होते. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की १८४७ च्या वसंतात परदेशचा मका आयर्लंडच्या बंदरांत भरपूर उतरला आणि भाव पडले. व्यापाराने आपले काम केले, परंतु अर्धे वर्ष उशिरा; आणि ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांना पडलेल्या भावाचाही उपयोग नव्हता.

गावाने हात जोडून बसून राहणे पत्करले नाही. नोव्हेंबर १८४६ मध्येच स्थानिक मंडळींनी एका वाफेच्या गिरणीत रस्सा शिजवून वाटण्याचे केंद्र उघडले. ते आयर्लंडमधील आरंभीच्या अशा केंद्रांपैकी होय. प्रॉटेस्टंट पंथाचे दोन धर्मोपदेशक, टाउनसेंड व कॉलफील्ड, डिसेंबरच्या आरंभी लंडनला गेले आणि ट्रेव्हेल्यनला भेटून त्यांनी अन्न मागितले. ते रिकाम्या हातांनी परतले. कॉर्कचे एक दंडाधिकारी निकोलस कमिन्स डिसेंबरच्या मध्यास या भागात आले. पाच माणसांना उचलता येईल इतका पाव त्यांनी बरोबर घेतला होता. एका ओसाड दिसणाऱ्या पाड्यातील झोपडीत ते शिरले, तेव्हा कोपऱ्यातील गवतावर सहा सांगाडे पडलेले त्यांना दिसले. ते मेले आहेत असे त्यांना वाटले. मग कण्हणे ऐकू आले. त्यांनी ड्यूक ऑफ वेलिंग्टनला अनावृत पत्र लिहिले व ते २४ डिसेंबर १८४६ च्या 'टाइम्स'मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, प्रसिद्ध झाले. लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने जेम्स माहोनी या कॉर्कच्या चित्रकाराला पाठविले आणि फेब्रुवारी १८४७ मध्ये त्याची रेखाचित्रे छापली. प्रेतयात्रा, भिकारीण, कुदळीने रिकामी जमीन उकरणारी दोन मुले ही चित्रे आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आढळतात. स्किबरीन हे नाव दुष्काळाचा पर्याय बनले ते असे.

डॉ. डॉनोव्हन हे येथील वर्कहाऊसचे डॉक्टर. वर्कहाऊस म्हणजे निराधारांना आत कोंडून, काम घेऊन, जेवण देणारी सरकारी संस्था. स्किबरीनची आठशे माणसांसाठी बांधलेली होती आणि तिच्यात त्याच्या कितीतरी पट माणसे भरली. डॉक्टरांनी आपल्या फेरीची रोजनिशी वर्तमानपत्रांत छापावयास दिली. पुढे उपासमारीचा मानवी देहावर काय परिणाम होतो याविषयी त्यांनी वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहिला, तो आजही अभ्यासक वाचतात. ज्या माणसाने दुष्काळी तापाच्या साथीत घरोघर जाऊन प्रेते तपासली, त्याने त्याच हाताने इतके नेमके शास्त्रीय लिहावे, हे मला या साऱ्या कथेतील मोठे आश्चर्य वाटते.

फेब्रुवारी १८४७ च्या सुमारास ऑक्सफर्डहून दोन विद्यार्थी गावात आले. आयरिश जमीनदारांवर होणारे आरोप खरे की खोटे हे त्यांना स्वतः पाहावयाचे होते. त्यांपैकी एकाचे वय अवघे वीस वर्षांचे. त्यांनी पावाची मोठी टोपली विकत घेऊन खिडकीतून पाव वाटण्यास आरंभ केला, आणि खाली बायकांची जी झोंबाझोंबी झाली ती पाहून ते हादरून गेले. परत गेल्यावर त्यांनी 'ऑक्सफर्ड ते स्किबरीन' या प्रवासाची पुस्तिका छापली आणि मदतीसाठी पैसा उभा केला. तो वीस वर्षांचा तरुण म्हणजे लॉर्ड डफरिन. १८८४ ते १८८८ या काळातील हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. डफरिनची आठवण आपल्याकडे त्याच्या पत्नीच्या नावाने निघालेल्या स्त्रियांच्या रुग्णालयांमुळे आहे, आणि काँग्रेसला 'सूक्ष्मदर्शकातून दिसणारा अल्पसंख्य वर्ग' म्हणून हिणविणाऱ्या भाषणामुळे आहे. परंतु त्याच्याच आज्ञेने १८८७-८८ मध्ये एक चौकशी झाली, तिचे स्मरण क्वचित होते. या देशातील खालच्या वर्गाला रोज पोटभर अन्न मिळत नाही हे म्हणणे कितपत खरे आहे, असा प्रश्न प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना विचारण्यात आला. उत्तरे आली, आणि ते अहवाल गोपनीय ठेवण्यात आले. स्किबरीनची खिडकी व्हाइसरॉयला आठवली असेल काय, हे सांगता येत नाही. प्रश्न विचारला गेला आणि उत्तर कपाटात गेले, एवढे दप्तरातून दिसते.

हिंदुस्थानशी या कथेचा आणखी एक धागा आहे. आयर्लंडच्या मदतीसाठी देशाबाहेर जे पहिले निधी उभे राहिले त्यांत कलकत्त्याचा निधी होता. १८४६ च्या जानेवारीत त्याची सुरुवात झाली. कंपनीच्या सैन्यात आयरिश शिपाई पुष्कळ होते, त्यांनी दिले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी दिले. एतद्देशीय धनिकांनीही दिले. सुमारे १४ हजार पौंड जमले. मुंबईनेही वर्गणी पाठविली. तीस वर्षांनी, १८७६-७७ मध्ये, दख्खनवर दुष्काळ पडला तेव्हा दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्याइतकी मजुरी पुरे, असे सर रिचर्ड टेंपलने ठरविले. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज पाठविले. मजुरी नियमात बसावी, मग ती पोटाला पुरो वा न पुरो, हे सूत्र आयर्लंडमध्ये वापरून झालेले होते.

१८४७ च्या मार्चमध्ये दुष्काळी कामांवर सात लाखांवर मजूर होते. सरकारला तेव्हा उमजले की भुकेल्या माणसाकडून खडी फोडून घेण्यापेक्षा त्याला शिजविलेले अन्न देणे स्वस्त पडते. कायदा झाला, केंद्रे उघडली आणि त्या जुलैमध्ये तीस लक्षांहून अधिक माणसांना रोज अन्न मिळू लागले. मृत्यू कमी झाले. एवढ्या माणसांना पोसण्याची शक्ती सरकारच्या अंगी होती, हे यावरून सिद्धच झाले. पण शरद ऋतूत ही केंद्रे बंद करण्यात आली, आणि पुढचा सारा भार आयर्लंडच्याच स्थानिक करांवर टाकण्यात आला. शिवाय पाव एकराहून अधिक जमीन ज्याच्याकडे असेल त्याला मदत मिळणार नाही, असे कलम कायद्यात घातले गेले. मदत हवी तर जमीन सोडा. जमीन सुटली, झोपड्या पडल्या आणि दुष्काळ आणखी काही वर्षे चालला. १८४१ साली आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लक्ष होती, १८५१ साली ती ६५ लक्षांवर आली. सुमारे दहा लक्ष माणसे मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली.

जे गेले त्यांनी गाव बरोबर नेले. अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांत 'स्किबरीन' या नावाचे एक गीत प्रसिद्ध आहे. मुलगा बापाला विचारतो, तुम्ही ते गाव का सोडले. आणि बाप सांगतो. मागे राहिलेल्यांत जेरेमाया ओ'डॉनोव्हन रोसा होता. तो शेजारच्या रॉसकार्बरीचा. त्याचा बाप १८४७ मध्ये दुष्काळी तापाने गेला आणि घरची माणसे पुढे अमेरिकेला गेली. किशोरवयात एका शेजारणीला शवपेटीविना पुरावे लागले, ती आठवण त्याने वृद्धपणी लिहून ठेविली आहे. स्किबरीनमध्ये दुकान चालवीत असताना त्याने १८५६ मध्ये फिनिक्स नावाची साहित्यसंस्था काढली. साहित्य हे नाव पोलिसांसाठी होते. काम रात्रीच्या कवायतीचे होते. सरकारने त्याला अनेक वर्षे तुरुंगात ठेविले, तुरुंगात असतानाच टिपररीच्या मतदारांनी १८६९ मध्ये त्याला पार्लमेंटवर निवडून दिले, आणि १९१५ साली त्याच्या अंत्ययात्रेत पॅट्रिक पिअर्सने जे भाषण केले त्याचा पुढच्या वर्षीच्या उठावाशी निकटचा संबंध जोडला जातो. त्याचे मार्ग, विशेषतः पुढे अमेरिकेतून चालविलेली स्फोटांची मोहीम, सर्वांना मान्य होण्यासारखे नाहीत. पण त्या माणसाचे मूळ शोधावयाचे तर स्किबरीनच्या चौकात यावे लागते. तेथे १९०४ साली उभारलेली 'मेड ऑफ एरिन' ही स्त्रीमूर्ती आहे. १७९८, १८०३, १८४८ आणि १८६७ या चार उठावांचे ते स्मारक.

एवढे सगळे सांगितल्यावर स्किबरीन म्हणजे केवळ शोकस्थळ असा ग्रह व्हावयाचा, आणि गावकऱ्यांना तो आवडणार नाही. या गावाला विनोदबुद्धी आहे, कधी स्वतःच्या नकळतही. १८५७ मध्ये येथे 'स्किबरीन ईगल' हे वर्तमानपत्र निघाले. १८९८ च्या सुमारास रशियाने चीनमधील पोर्ट आर्थर घेतले तेव्हा या पत्राने गंभीर अग्रलेख लिहून बजावले की रशियाच्या झारवर 'ईगल'ची करडी नजर आहे. आयर्लंडच्या एका कोपऱ्यातील साप्ताहिकाने सम्राटाला दिलेला हा इशारा सगळ्या जगात हास्याचा विषय झाला. झार गेला, 'ईगल'चे नावही १९२९ मध्ये प्रतिस्पर्धी 'सदर्न स्टार'ने विकत घेतले. पण ही नजर इंग्रजी बोलणाऱ्यांच्या म्हणींत जाऊन बसली आहे. 'सदर्न स्टार' १८८९ पासून निघत आहे. मी गेलो त्या आठवड्याचा अंक घेतला. बातम्या रस्त्यांच्या, दुधाच्या भावाच्या आणि नौकाशर्यतींच्या होत्या.

आणखी एक गोष्ट. दुष्काळाच्या वर्षांत बँकेच्या व्यवस्थापकाच्या घरी एक लहान मुलगी वाढत होती. वडिलांना ज्योतिर्विद्येचा नाद, घरी दुर्बीण. ती मुलगी म्हणजे १८४२ मध्ये जन्मलेली अ‍ॅग्नेस क्लार्क. एकोणिसाव्या शतकातील ज्योतिर्विद्येचा तिने लिहिलेला इतिहास १८८५ मध्ये निघाला. चंद्रावरील एका विवराला तिचे नाव आहे. एकाच गावात, एकाच वर्षी, कोणी आकाशातील ग्रह पाहत होते आणि कोणी जमिनीत बटाटा शोधीत होते. बाजाराच्या गावांची रचना अशीच असते.

प्रवाशाला आता काय पाहता येईल ते सांगतो. रेल्वे नाही. १८७७ मध्ये आलेली आगगाडी १९६१ मध्ये बंद झाली; बसनेच जावे लागते. पुलाकडील रस्त्यावर, जुन्या गॅस कारखान्याच्या इमारतीत, वारसा केंद्र आहे. दुष्काळाचे प्रदर्शन तेथे मांडले आहे, पुतळे आणि रोषणाई यांचा अतिरेक न करता. त्याच ठिकाणी लॉक हाइन या खाऱ्या पाण्याच्या सरोवराची माहिती मिळते. समुद्री जीवांसाठी राखलेले ते युरोपातील पहिले सागरी अभयारण्य, १९८१ सालचे. सरोवर गावापासून थोड्याच अंतरावर आहे. मला जाता आले नाही, पाऊस होता.

शनिवारी मात्र गावातच राहावे, कारण शनिवार हा बाजाराचा दिवस. जुन्या बाजाराच्या पटांगणावर पाले पडतात. चीज, मासळी, पाव, भाजी, जुनी पुस्तके, कोंबड्यांची पिले. एका शेतकऱ्याच्या पाटीत बटाट्यांच्या तीन-चार जाती निरनिराळ्या ठेविल्या होत्या आणि तो प्रत्येकीचा गुण सांगत होता. कोणती उकडावी, कोणती भाजावी, कोणतीला करपा लवकर लागतो. मी कोठून आलो हे त्याने विचारले. सांगितल्यावर म्हणाला, तुमच्याकडेही दुष्काळ पडत असत ना? मी होय म्हणालो. त्याने एक बटाटा मोठा निवडून माझ्या हातात ठेविला आणि पैसे घेतले नाहीत.

दुपारी ॲबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत गेलो. ती गावापासून पश्चिमेला, नदीच्या काठालगत आहे. जुन्या मठाची एक पडकी भिंत, कलती थडगी, आणि खालच्या अंगाला एक मोकळी हिरवळ. त्या हिरवळीखाली आठ ते दहा हजार माणसे आहेत. नावांची नोंद नाही. शवपेटीला खाली बिजागरीचा तळ असे. प्रेत खड्ड्यात सोडले की पेटी पुढच्यासाठी परत नेत. टॉम गेरिन नावाचा एक मुलगा मेला समजून या खड्ड्यात टाकला गेला, फावड्याचा घाव पायांवर बसताच कण्हला, बाहेर काढला गेला आणि मोडक्या पायांनी म्हातारा होईपर्यंत जगला, असे गावात सांगतात.

तेथे एक अमेरिकन जोडपे उभे होते. त्यांच्या पूर्वजांचे आडनाव त्यांना ठाऊक होते, परगणाही ठाऊक होता. हिरवळीच्या कोणत्या बाजूला फुले ठेवावीत, असे त्यांनी राखणदाराला विचारले. तो म्हणाला, कोठेही ठेवा. त्यांनी ती पाण्याच्या बाजूला ठेविली. नदीवरून दोन तरुण वल्ही मारीत गेले. हे गाव आता त्या खेळासाठी जगाला ठाऊक आहे. येथील नौकामंडळाच्या पॉल व गॅरी ओ'डॉनोव्हन या भावांनी २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले, आणि टोकियो व पॅरिस या दोन्ही ठिकाणी पॉलने फिंटन मॅकार्थीसह सुवर्णपदक जिंकले. होडी वळणाआड गेली. पाऊस पुन्हा सुरू झाला तेव्हा मी बसच्या थांब्याकडे निघालो. बटाटा खिशात होता.